पुनरागमनाची वाट पाहणाऱ्या घराने मुलांची फी भरावी का?

भगिनी, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे त्याच अडचणीत असलेल्या इतरांनाही हे उत्तर वाचता येईल. तुमचे यजमान गेल्या काही काळापासून अंतसमयाविषयीची प्रवचने मोबाइलवर सतत ऐकतात. कुठे युद्ध पेटले, भूकंप झाला किंवा सरकारने नवे ओळखपत्र काढले की त्यांना ते बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण नावाच्या पुस्तकात सापडते. प्रभू येशू पुन्हा येणारच आहे, मग साठवायचे कोणासाठी, या विचाराने त्यांनी विम्याची एक पॉलिसी मोडून ती रक्कम एका प्रवचनकाराच्या सेवाकार्याला पाठवली, मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यात पैसे भरणे थांबवले आणि बारावी झालेल्या मुलाच्या अभियांत्रिकी प्रवेशाचे शुल्क भरण्यास नकार दिला. विधवा सासूबाईंच्या औषधांच्या खर्चावरूनही कुरबूर सुरू झाली आहे. राहता फ्लॅट विकावा असे ते आता म्हणतात. पाचवीतली मुलगी रात्री दचकून उठते. तुम्ही काही बोललात की पत्नीने पतीच्या अधीन असावे हे वचन पुढे केले जाते. प्रभूच्या येण्यावर माझाही विश्वास आहे, मग माझा विरोध हा अविश्वास ठरतो का, असे तुम्ही विचारले आहे.

मी आधी नगर जिल्ह्यातल्या आणि नंतर पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) पाळक म्हणून सेवा केली, आणि त्यातला बराच काळ विवाहपूर्व मार्गदर्शनात व कुटुंबांतील तंटे ऐकण्यात गेला. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या घरात दोन निरनिराळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. प्रभू पुन्हा येणार आहे का, हा पहिला प्रश्न आहे आणि त्यावर तुम्हा दोघांत मतभेदच नाही; निकेया येथील विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या विश्वासाच्या कबुलीत, आपण सगळे तेच म्हणतो आणि नाताळापूर्वीच्या आगमनकाळात दरवर्षी त्याचीच उजळणी करतो. तो येणार आहे म्हणून येत्या महिन्यात घरातला पैसा, मुलांचे शिक्षण आणि आईची औषधे यांचे काय करायचे, हा दुसरा प्रश्न आहे आणि वाद सगळा तिथे आहे. तुमचे यजमान दुसऱ्या प्रश्नाचे आपले उत्तर पहिल्या प्रश्नाच्या पाठबळावर उभे करतात. त्यामुळे तुम्ही फीविषयी बोललात तरी त्यांना तुम्ही पुनरागमनाविरुद्ध बोलत आहात असे ऐकू येते. पुढचे सगळे बोलणे हे दोन प्रश्न वेगळे ठेवूनच करायला हवे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. यजमान कामावर जातात, झोपतात, जेवतात, मंडळीत येतात आणि या एका विषयावरच हट्टाला पेटतात, असे असेल तर हा शिकवणीचा आणि भीतीचा प्रश्न आहे. त्यांची झोप उडाली असेल, आपल्याला विशेष संदेश मिळतो असे ते सांगू लागले असतील किंवा घरातलेच कोणी आपल्याविरुद्ध कट करते असे त्यांना वाटू लागले असेल, तर वचनांचा अर्थ लावत बसू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि तिथून पहिले मार्गदर्शन घेता येते. हात उगारला जात असेल किंवा घरखर्चाचे पैसे अडवले जात असतील, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात आर्थिक छळही मोडतो हे लक्षात असू द्या. अशा वेळी पाळकांची भेट पुरेशी नसते. तुमच्या पत्रावरून यांपैकी पहिली स्थिती दिसते, म्हणून त्याच दृष्टीने लिहितो.

आता शास्त्राकडे वळू. यजमान मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचतात असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना तो अध्याय शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला सांगा आणि तिथे न थांबता पंचविसावाही वाचायला सांगा, कारण मूळ लिखाणात ही अध्यायांची विभागणी नव्हती आणि प्रभूचे बोलणे सलग चालू आहे. युद्धे, दुष्काळ, भूकंप यांविषयी सांगितल्यानंतर आणि तो दिवस व ती घटका पित्याशिवाय कोणालाही, पुत्रालाही, ठाऊक नाही असे स्पष्ट केल्यानंतर प्रभू विचारतो की विश्वासू आणि समंजस दास कोण. उत्तर असे आहे की धन्याने ज्याला आपल्या घरच्या माणसांवर नेमले, आणि जो त्यांना वेळच्या वेळी अन्न देतो, तो. धनी येईल तेव्हा ज्याला तो हेच करताना पाहील तो धन्य. आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या किंवा चिन्हांची यादी मांडणाऱ्या दासाला प्रभू धन्य म्हणत नाही. घरातल्यांचे ताट वेळेवर वाढणाऱ्याला म्हणतो. वाट पाहणे कशाला म्हणतात हे प्रभूने स्वतःच सांगितले असेल, तर त्याची व्याख्या मोबाइलवरच्या प्रवचनकाराकडून घेण्याचे कारण उरत नाही.

यजमान यावर म्हणतील, आणि ते बरोबर असेल, की त्याच दृष्टांतातला दुष्ट दास 'माझा धनी उशीर करतो' असे मनात म्हणतो, तेव्हा उशीर गृहीत धरणे हेच पाप आहे. इथे त्यांना पुढच्याच दृष्टांतावर आणा. दिवे घेऊन वराला सामोऱ्या निघालेल्या दहा कुमारींच्या गोष्टीत वराला उशीर होतो. मूर्ख ठरलेल्या पाच जणींनी दिवे घेतले होते, त्या वाटेवर निघाल्या होत्या, वर येणार यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. त्यांची चूक एवढीच होती की तो लवकरच येईल असे धरून त्यांनी जादा तेल बरोबर घेतले नाही. म्हणजे लागोपाठच्या दोन दृष्टांतांत एक जण धनी उशिरा येणार असे धरून बिघडतो आणि पाच जणी वर लवकर येणार असे धरून बाहेर राहतात. दोन्ही बाजूंनी खात्री बाळगणाऱ्यांना प्रभूने सावध केले आहे. तो आज रात्री आला तरी लाज वाटू नये असे वागावे आणि त्याला आणखी चाळीस वर्षे लागली तरी दिव्यात तेल असावे, अशी दुहेरी तयारी तो मागतो. मुलाचे शिक्षण, आईची औषधे, मुलीचे खाते हे सगळे त्या जादा तेलात येते असे माझे मत आहे, आणि तेल घेणाऱ्यांना प्रभूने अविश्वासू म्हटलेले नाही.

दुसरा आधार थेस्सलनीका या प्राचीन ग्रीक नगरातल्या मंडळीचा आहे आणि माझ्या मते तुमच्या घरासाठी तोच सर्वांत जवळचा आहे. इसवी सन ५० च्या सुमारास प्रेषित पौलाने या मंडळीला लिहिलेल्या दोन पत्रांत पुनरागमनाचा विषय जितका दाट आहे तितका त्याच्या इतर पत्रांत क्वचितच आहे. आज ज्याला रॅप्चर म्हणतात त्या मंडळीच्या वर घेतले जाण्याचे वर्णन पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. पण त्याच अध्यायात, त्या वर्णनाच्या अगदी आधी, पौल सांगतो की शांतपणे राहा, आपापला व्यवसाय पाहा, आपल्या हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्या लोकांसमोर तुमचे वागणे शोभेल आणि तुम्हाला कोणाची गरज पडणार नाही. दुसऱ्या पत्रात तर तो जवळजवळ तुमच्या यजमानांशीच बोलतो. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे असे सांगणारा एखादा आत्मा, एखादे भाषण किंवा आमच्या नावावर आलेले एखादे पत्र यांमुळे लगेच घाबरून मन अस्थिर होऊ देऊ नका, असे तो दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी लिहितो. नावावर खपवलेले संदेश आणि त्यांतून पसरणारी घबराट ही तेव्हाही होती. तिसऱ्या अध्यायात काम सोडून इतरांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्यांना तो फटकारतो आणि ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये असे बजावतो. त्यांनी काम का सोडले हे पौलाने उघड लिहिलेले नाही, म्हणून पुनरागमनाच्या घाईमुळेच सोडले असे मी ठामपणे म्हणणार नाही; पण ज्या पत्रात घबराट आहे त्याच पत्रात काम सोडलेले लोक आहेत, आणि दोन्हींवर पौलाने दिलेला उपाय नेहमीच्या कामाला परत लागण्याचा आहे.

यजमानांकडे तीन प्रतिवचने असतात, कारण त्या प्रवचनांत तीच वापरली जातात. पहिले करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायातले: काळ थोडा आहे, म्हणून ज्यांना पत्नी आहे त्यांनी नसल्यासारखे असावे, विकत घेणाऱ्यांनी आपल्याजवळ काही नसल्यासारखे असावे. यातून बायकोमुलांकडे दुर्लक्ष करण्याची मुभा निघते असे कोणाला वाटत असेल तर त्याने त्या अध्यायाचा आरंभ वाचावा. तिथे पतीने पत्नीचा हक्क द्यावा, आणि प्रार्थनेसाठी वेगळे राहायचे असेल तरी दोघांच्या संमतीने आणि ठरावीक काळापुरतेच राहावे, असे पौल लिहितो. 'विकत घेऊ नका' असे तो म्हणत नाही. विकत घ्या, पण त्याला घट्ट धरून राहू नका, असे म्हणतो. दुसरे वचन लूकच्या चौदाव्या अध्यायातले, आईबाप, पत्नी, मुले यांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येत नाही, हे. ज्याने हे म्हटले त्याने वधस्तंभावर असताना आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवले, तेव्हा आईच्या औषधांचा खर्च टाळण्यासाठी हे वचन वापरणे हा त्याचा अर्थ असू शकत नाही. तिसरे नोहाच्या दिवसांचे: लोक खातपीत होते, लग्ने करत होते आणि जलप्रलय आला. खाणे, पिणे, लग्ने करणे यांना प्रभू तिथे पाप म्हणत नाही. त्यात गुंग होऊन लोक बेसावध राहिले असे म्हणतो. आणि नोहाने तारू कशासाठी बांधले? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात उत्तर आहे, आपल्या घराण्याच्या तारणासाठी.

पॉलिसी मोडून पाठवलेल्या पैशांविषयी मात्र मी थोडे कडक बोलणार आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू परूश्यांना, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी गटाला, एका विशिष्ट प्रथेवरून धारेवर धरतो. आईवडिलांना ज्या मदतीची गरज आहे ती 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केली आहे असे म्हणून मुलगा आपली जबाबदारी झटकू शकत असे, आणि धर्मशिक्षक त्याला मान्यता देत. अशाने तुम्ही देवाचे वचन रद्द करता, असे येशू म्हणतो. सासूबाईंचे औषध अडवून सेवाकार्याला पाठवलेली देणगी या वचनाच्या कक्षेत सरळ येते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय विधवांविषयीच आहे; मुलानातवंडांनी आधी स्वतःच्या घरात भक्ती दाखवायला शिकावे आणि आईवडिलांचे उपकार फेडावे, असे तिथे सांगितले आहे, आणि जो स्वकीयांची, विशेषतः आपल्या घरच्यांची, तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट आहे, हे वाक्य त्याच संदर्भात आठव्या ओवीत येते. संपूर्ण नव्या करारात घरच्या तरतुदीविषयी याहून कठोर भाषा मला माहीत नाही. सुशिक्षित, प्रामाणिक विश्वासणारेही हे वाक्य ऐकून गप्प होतात, म्हणून ते भांडणाच्या भरात तोंडावर फेकू नका; शांत वेळी, पूर्ण अध्याय वाचून दाखवा.

फ्लॅट विकण्याविषयी विचारताना यजमान म्हणतात की ज्या जगाचा नाश ठरला आहे त्यात घर धरून बसण्यात काय अर्थ आहे. याला यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या बत्तिसाव्या अध्यायाइतके चांगले उत्तर मला सापडलेले नाही. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे. शहर पडणार हे यिर्मया वर्षानुवर्षे सांगत आला आहे आणि ते सांगितल्याबद्दलच तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. शेवट जवळ आहे हे त्या शहरात इतर कोणापेक्षाही त्याला पक्के ठाऊक होते. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ गावातले शेत विकत घे म्हणतो. ते गाव बहुधा तेव्हा शत्रूच्याच ताब्यात असावे. देवाच्या आज्ञेवरून यिर्मया ते शेत घेतो. नुसते घेत नाही, तर सगळा व्यवहार रीतसर करतो: सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, खरेदीखताची एक मोहोरबंद आणि एक उघडी अशा दोन प्रती करतो, आणि ती पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हा त्यामागचा देवाचा संदेश होता. त्याआधी बाबेलात नेलेल्या लोकांनाही यिर्मयाने हेच लिहिले होते: घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, कारण सत्तर वर्षे जाणार आहेत. त्याच काळात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत बंदिवास संपेल असे सांगत होता आणि लोकांना तेच गोड वाटत होते. दोघांपैकी खोटा कोण ठरला हे अठ्ठाविसाव्या अध्यायात वाचता येईल.

यजमान हा इतिहास मानतात की नाही माहीत नाही, पण मंडळीच्या इतिहासात अशी घाई नवी नाही हे त्यांना कळले तर बरे होईल. तिसऱ्या शतकाच्या आरंभी रोमच्या हिप्पोलितस या ख्रिस्ती लेखकाने दानीएलाच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात पोंत प्रांतातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) एका बिशपाची हकीगत लिहिली आहे. माणूस भक्तिमान आणि नम्र होता, पण शास्त्रापेक्षा स्वतःच्या स्वप्नांवर त्याचा अधिक भरवसा होता. वर्षाच्या आत न्यायाचा दिवस येईल असे त्याने सांगितले, आणि लोकांनी शेते पडीक ठेवली, बऱ्याच जणांनी मालमत्ता विकली. वर्ष गेले, काही झाले नाही, आणि ज्यांनी सगळे विकले होते ते भीक मागू लागले. अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा पुनरागमनाचा दिवस धरला होता आणि काहींनी शेतातले उभे पीक तसेच सोडले. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख सांगणाऱ्या ली जांगरिमने स्वतःसाठी मात्र त्या तारखेनंतर मुदत पूर्ण होणारे रोखे घेतले होते, असे तपासात पुढे आले आणि फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओ प्रवचनकाराने २१ मे २०११ सांगितली, मग ऑक्टोबरातली, आणि दोन्ही चुकल्यावर पुढच्या वर्षी चूक कबूल केली. हल्लीचे प्रवचनकार शहाणे झाले आहेत, ते तारीख सांगत नाहीत. तारखेऐवजी नुसती घाई सांगतात, आणि त्यामुळे बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली संदेष्ट्याची कसोटी, म्हणजे सांगितलेले घडले नाही तर तो खोटा, त्यांना लावता येत नाही. त्यांना दुसरी साधी कसोटी लावा. हा माणूस इतरांना साठवू नका म्हणतो, तेव्हा त्याची स्वतःची जमीन, इमारत आणि मुलांचे शिक्षण यांचे काय चालले आहे, हे यजमानांनाच शोधायला सांगा.

आपल्याकडचे एक उदाहरणही देण्यासारखे आहे. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जी मोठी आध्यात्मिक जागृती झाली तिच्याविषयी आपल्या मंडळ्यांत आजही बोलले जाते. रात्री उशिरापर्यंत प्रार्थना चालत, रडणे, पापकबुली, आनंद सगळे होते. पण पंडिता रमाबाईंच्या त्याच आवारात शाळा, विणकाम, शेती आणि छापखाना हेही चालू होते, मुलींना हाताला काम शिकवले जात होते, आणि ज्या बायबल भाषांतरावर रमाबाईंनी पुढे आयुष्याची शेवटची वर्षे घालवली ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये तिथूनच छापून बाहेर पडले. उत्कट प्रार्थना आणि मुलींच्या शिक्षणाची तजवीज यांत रमाबाईंना विरोध दिसला नाही.

आता अधीनतेचे वचन. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पत्नीला सांगण्याआधी 'ख्रिस्ताच्या भयात एकमेकांच्या अधीन असा' असे सगळ्यांनाच सांगितले आहे, आणि पतीला सांगितलेला भाग पत्नीच्या भागापेक्षा बराच लांब आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसे पतीने द्यावे. पेत्राच्या पहिल्या पत्रात तर पतीने पत्नीशी सुज्ञतेने वागले नाही तर त्याच्याच प्रार्थनांना अडथळा येतो असे म्हटले आहे. पण तुमच्या स्थितीला मला प्रेषितांच्या कृत्यांचा पाचवा अध्याय अधिक लागू वाटतो. हनन्या (वरच्या संदेष्ट्याहून वेगळा) आणि त्याची पत्नी सप्पीरा यांनी जमीन विकली आणि पैशांबाबत लबाडी केली. सप्पीरा नंतर एकटी आत येते तेव्हा पेत्र तिला स्वतंत्र प्रश्न विचारतो आणि तिच्या उत्तराचा जाब तिच्याकडूनच घेतो. 'पतीने ठरवले, मी मान डोलावली' हे तिला वाचवू शकले नाही. तुमचे यजमान लबाडी करत आहेत असे मी मुळीच म्हणत नाही, ते मनापासून वागत आहेत. पण घराच्या पैशाच्या निर्णयात पत्नी देवासमोर स्वतः जबाबदार असते, एवढे त्या प्रसंगातून नक्की निघते. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अबीगईलने नवऱ्याला न विचारता दाविदाकडे अन्न नेले आणि घर वाचवले, तेव्हा दाविदाने तिच्या शहाणपणाबद्दल देवाचे आभार मानले. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या सहीशिवाय संपूर्ण फ्लॅट विकता येणार नाही. ती सही न करणे हा अविश्वास नाही.

मुलीविषयी तातडीने काहीतरी करा, बाकी सगळे मागे राहिले तरी चालेल. 'दोघांतून एकाला घेतले जाईल व एकाला ठेवले जाईल' या वचनाची चित्रे मुलांनी पाहिली की शाळेतून आल्यावर घरात कोणी दिसले नाही तरी ती किंचाळतात. मी अशी मुले पाहिली आहेत. पौल पुनरागमनाचे वर्णन संपवताना लिहितो, 'या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा.' ज्या शिकवणीने पाचवीतल्या मुलीची झोप उडते ती, वर्णन कितीही शास्त्रातले असो, पौलाने सांगितलेल्या शेवटापर्यंत पोहोचलेली नाही. मुलांसमोर हे व्हिडिओ लागणार नाहीत, ही अट यजमानांकडून आजच मान्य करून घ्या. बापांनी मुलांना चिरडीस आणू नये, ती खिन्न होतील, हे कलस्सैकरांस पत्रातले वचन सोबत सांगा. रात्री झोपताना मुलीजवळ तुम्ही दोघांनीही बसावे, आणि येशूने लेकरांना कवेत घेतले तो मार्कच्या दहाव्या अध्यायातला भाग वाचावा. वडिलांच्या तोंडून तो वाचला गेला तर त्याचा परिणाम वेगळा होतो.

ओळखपत्र आणि श्वापदाची खूण यावर फार वेळ घालवू नका. प्रकटीकरणाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत हातावर किंवा कपाळावर घेतली जाणारी ही खूण श्वापदाच्या उपासनेशी जोडलेली आहे आणि तिच्या समोर, कपाळावर देवाचे नाव असलेले लोक उभे केले आहेत. मोशेने देवाच्या आज्ञा हातावर आणि कपाळावर बांधायला सांगितल्या होत्या, त्याचीच ती उलटी बाजू आहे. कोणाची भक्ती करायची हा तिथला प्रश्न आहे, आणि रेशनसाठी अंगठा देण्याने तो ठरत नाही.

यजमानांशी बोलायचे कसे? त्यांच्या विश्वासाची चेष्टा करू नका आणि मोबाइल लपवू नका. ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य आधी की नंतर, मंडळी संकटापूर्वी उचलली जाईल की नंतर, या वादात तर पडूच नका. त्या क्रमाविषयी भक्तिमान माणसांचे शतकानुशतके एकमत झालेले नाही आणि तुमच्या स्वयंपाकघरात ते होणार नाही. त्याऐवजी थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रे दोघांनी मिळून मोठ्याने वाचा. एका बैठकीत होतात. मग फक्त एवढे विचारा की हे पत्र आपल्या घरी आले असते तर उद्या सकाळी आपण काय केले असते. आणखी एक गोष्ट मी नेहमी विचारतो: हे सगळे सुरू होण्याच्या आसपास काय घडले होते? पुष्कळदा उत्तर जवळच्या कोणाचा मृत्यू, गेलेली नोकरी, बुडालेले पैसे किंवा आजाराची भीती असे असते. माणसाच्या हातातून सगळे निसटत असते तेव्हा सगळ्याचा शेवट जवळ आहे हे ऐकून त्याला एक विचित्र दिलासा मिळतो. ते दुःख बोलले गेले तर व्हिडिओंची पकड बऱ्याचदा आपोआप सैल होते.

पैशाबाबत एकच नियम मान्य करून घेण्याचा प्रयत्न करा: जो निर्णय परत फिरवता येत नाही तो दोघांच्या संमतीशिवाय घ्यायचा नाही. घर विकणे, पॉलिसी मोडणे, मुलाचे वर्ष बुडवणे हे त्यात येते. दशांश द्यायला त्यांना अडवू नका. तो त्यांच्या कमाईतून, घरखर्च व औषधे बाजूला काढून, शक्यतो स्वतःच्या मंडळीत द्यावा असे सुचवा. सुकन्या खाते चालू राहायला वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी पुरतात. इतके तुम्ही स्वतः भरू शकाल. तुमच्या पाळकांना घरी बोलवा, पण एकटे नाही, मंडळीच्या वडीलवर्गातला असा एखादा माणूस बरोबर असू द्या ज्याचा यजमानांना आदर आहे आणि ज्याच्या विश्वासाविषयी त्यांच्या मनात शंका नाही. पुनरागमनावर कधीच न बोलणारा पाळक या कामी उपयोगी पडत नाही, कारण त्या पोकळीतच मोबाइलवरचा प्रवचनकार शिरलेला असतो.

यजमानांच्या घरगुती प्रार्थनासभेला जावे का, असेही तुम्ही विचारले आहे. एकदा जा, वही घेऊन जा, आणि बिरुया नगरातले लोक जसे पौलाकडून ऐकलेले रोज शास्त्रात तपासून पाहत तसे घरी येऊन यजमानांबरोबर तपासा. दुसऱ्यांदा जायचे की नाही हे त्यानंतर ठरवता येईल.

मुलाच्या शुल्काला मात्र इतका वेळ नाही, कारण प्रवेशफेरीची मुदत कोणासाठी थांबत नाही. यजमान तोपर्यंत तयार झाले नाहीत तर तुमच्या पगारातून, तुमच्या माहेरून किंवा शैक्षणिक कर्जाची चौकशी करून ते भरा. शासनाच्या शिष्यवृत्तीला मुलगा पात्र आहे का, हे महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारा. आणि भरल्यावर लपवू नका. त्याच संध्याकाळी पावती यजमानांना दाखवून सांगा की मी भरले आहे.